उन्हाला ठेवलेली पुस्तकं

मे महिन्यात आमच्या वाचनालयातली पुस्तकं उन्हाला निघतात. चैतात अंगणात मोहफुलं पसरतात तशीच, जुन्या लुगड्यांवर आणि चटयांवर. सकाळी काढायची आणि दहाच्या आत सावलीत घ्यायची. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन त्याहून जास्त लागलं तर कागद वाळल्या पानासारखा मोडतो. तेवढ्या वेळात कपाटं पुसायची, फळ्यांच्या सांदीत वाळवीची माती दिसते का ते पाहायचं, कडुलिंबाचा नवा पाला घालायचा. पुढे मृग लागला की चार महिने ओलच ओल.

आमचं गोरेगाव हे गोंदियापासून पंधराएक किलोमीटरवरचं धानाच्या मुलखातलं गाव. इथून समुद्र शेकडो किलोमीटर. मी वयाच्या अकराव्या वर्षी पहिल्यांदा घरी नेलेलं पुस्तक मात्र समुद्राचं होतं, खलाशांच्या गोष्टींचं. रोवणीचे दिवस होते. आई इतर बायांसोबत बांधीत वाकलेली, मी धुऱ्यावर बसून वाचत होतो. पऱ्ह्यांची जुडी फेकायला कुणीतरी हाक मारली, मी उठलो आणि पुस्तक चिखलात गेलं. घोटाभर गढूळ पाण्यात ते उघडंच पडलं होतं. उचललं तेव्हा पानांतून पाणी गळत होतं आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

दोन दिवस मी वाचनालयाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो. तिथले ग्रंथपाल, ज्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणायचो, त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि एवढंच म्हणाले, "वापस आणलं ना? मंग झालं." मग त्यांनी जुनी वर्तमानपत्रं काढली. दर दोन पानांमध्ये एकेक तुकडा ठेवत गेले. मला म्हणाले, "पान ओढू नको, खालून बोट घाल." तासभर आम्ही दोघं तेच करत होतो. वर पाटा ठेवला, दुसऱ्या दिवशी कागद बदलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याने पुस्तक सुकलं, पण पानं लाटांसारखी वळली ती वळलीच. पुस्तकाची काळजी घ्या, ही पाटी भिंतीवर होती. तिचा अर्थ मला त्या आठवड्यात बोटांनी कळला.

या मुलखाला साठवण्याची कला जुनी. मालगुजारांच्या काळातले तलाव इथे आजही धानाला पाणी देतात. माजी मालगुजारी म्हणण्याऐवजी लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, वेगळ्याच. पावसाचं पाणी अडवायचं, पाटाने फिरवायचं, आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या. वाचनालयाचं काम मला तसंच वाटतं. पुस्तक माझ्याकडे आठ दिवस, मग तुझ्याकडे. मालगुजारी 1951 साली संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गाळ काढणं हे आपलं काम आहे हेच बरीच गावं विसरली. वाचनालयांच्या बाबतीत मला हीच भीती आहे.

मराठी मुलखातली सार्वजनिक वाचनालयाची परंपरा लांबून येते. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला, देशात सर्वांत आधी. आम्ही तेव्हा मध्यप्रांतात होतो, राजधानी नागपूर. 1956 मध्ये मुंबई राज्यात आलो, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा अमलात आला तोही 1 मे रोजी, 1968 साली. आणि भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. आमच्याकडे पुस्तकं उन्हाला काढण्याचेही हेच दिवस.

1967 च्या कायद्याने वाचनालयांना मान्यता मिळाली, अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि अनुदान मिळालं. ते हप्त्यांनी येतं. मध्यंतरी ते साठ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ड वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे 30 हजार 48 हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल आणि रोज दार उघडणाऱ्या माणसाचा पगार. त्या माणसाला पोटापुरतं मिळालं पाहिजे असं मी मनापासून म्हणतो. ते सरकारने द्यावंच. पण गावाने वर्गणीचा हात आखडू नये. नवी पुस्तकं आणायला जायचं तर गोंदियापर्यंतचं तिकीटसुद्धा कुणाच्या तरी खिशातूनच निघतं.

आणि वाचनालयाची गरज काय कमी झाली आहे? सकाळी म्हातारी मंडळी नागपूरच्या पेपरसाठी बसलेली असतात, चष्म्याचा एक दांडा दोऱ्याने बांधलेला. दुपारी अभ्यासिकेत पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची पोरं-पोरी. त्यांच्या घरी एकच खोली आणि त्यात टीव्ही. इथला पंखा, इथली शांतता, इथली चार वर्षांमागची प्रश्नपत्रिका, त्यांना हीच मोठी सोय.

मला मिळालेली गोष्ट आणखी वेगळी. आमच्याकडे कुणाच्या घरात पोवारी, कुणाच्या घरात झाडीबोली, बाजारात हिंदी. छापलेली मराठी शाळेतली, थोडी परक्यासारखी. एके दिवशी वाचनालयाच्या कोशांच्या फळीवर हरिश्चंद्र बोरकरांचा झाडीबोलीचा शब्दकोश हाती लागला. आई जे बोलते, ज्यावरून शाळेत मला हसले होते, ते शब्द तिथे अक्षरांत उभे होते, अर्थासह. मी तो कोश घरी नेऊ शकलो नाही, संदर्भाची पुस्तकं घरी देत नाहीत. तिथेच उभ्याने वाचला. संध्याकाळी आईला सांगितलं, "तुह्ये शब्द पुस्तकात आहेत." ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "कोनते?" म्हणाली. मी एकेक सांगत गेलो, ती मान हलवत राहिली. मग तिनेच दोन सांगितले, म्हणाली, "हे हायेत का पाह्यजो."

काकाजी आता नाहीत. यंदाही पुस्तकं उन्हाला निघाली. मी हात द्यायला गेलो होतो. दाखल रजिस्टरावरून आकडा वाचायचा, पुस्तक शोधायचं, अंगणात ठेवायचं. समुद्राचं ते पुस्तक सापडलं. काठावर अजून चिखलाची तपकिरी रेघ आहे, तारखांची चिठ्ठी दोनदा नवी चिकटवलेली. बाकीची पुस्तकं चटईवर गपगार पडली होती. याची वळलेली पानं पुरती मिटत नाहीत, त्यामुळे वारा आला की आधी तीच हलत होती.