इशी : ज्याने आपले नाव कोणालाच सांगितले नाही

१/९
२९ ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ, कत्तलखान्याच्या आवारात एक उपाशी, खंगलेला माणूस सापडला. त्याची भाषा कोणालाच कळेना. शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले.

२/९
मानववंशशास्त्रज्ञ टी. टी. वॉटरमन याना भाषेतील शब्दांची यादी घेऊन आले. शब्दामागून शब्द वाचला गेला, ओळख पटेना. अखेर ‘सिविनी’, म्हणजे पिवळा पाइन, असे म्हणत त्यांनी खाटेच्या लाकडावर हात ठेवला आणि त्या माणसाचा चेहरा उजळला.

३/९
तो याही होता. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतकारांच्या काळातील कत्तलींत त्याचे लोक संपले. उरलेले मूठभर दऱ्याखोऱ्यांत लपून जगले. त्यांतला हा शेवटचा. स्वतःचे नाव स्वतः उच्चारणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. म्हणून आल्फ्रेड क्रोबर त्याला ‘इशी’ म्हणू लागले. अर्थ : माणूस.

४/९
१९१५च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी त्याच्यासोबत काम केले. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा भेद बोलणाऱ्यावरून ठरतो. याना भाषा ऐकणाऱ्याकडेही पाहत असे. पुरुष पुरुषाशी बोलताना शब्दाचे पूर्ण रूप वापरी. स्त्री बोलत असेल, किंवा स्त्रीशी बोलायचे असेल, तर रूप आखूड होई.

५/९
भाषा विचाराला वळण देते काय, हा प्रश्न पुढे सपीर यांच्या नावाशी जोडला गेला. इशीपुरता तो अधिक कठोर होता. श्रोता पाहून शब्द घडवणाऱ्या त्या बोलीला आता स्वकीय श्रोताच उरला नव्हता.

६/९
तो सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने गेला. शवविच्छेदन होऊ नये, विज्ञानाची सबबही ऐकू नये, असे क्रोबर यांनी न्यूयॉर्कहून कळवले होते. पत्र उशिरा पोहोचले. देह चिरला गेला होता. मेंदू काढून ठेवला होता.

७/९
खरी ठेच पुढे आहे. १९१७च्या आरंभी स्वतः क्रोबर यांनीच तो मेंदू स्मिथसोनियन संस्थेकडे, आलेश हर्डलिच्का यांच्या संग्रहासाठी पाठवला. मित्राचा देह राखू पाहणारा आणि त्याचा अवशेष नमुना म्हणून धाडणारा, हात एकच.

८/९
अस्थी कॅलिफोर्नियात, मेंदू देशाच्या दुसऱ्या टोकाला. १९९०च्या दशकात तेथील आदिवासींनी शोध आरंभला. १९९९मध्ये मेंदूचा पत्ता लागला. १९८९च्या कायद्यान्वये निकटच्या वंशजांचा शोध घेण्यात आला आणि ऑगस्ट २०००मध्ये तो रेडिंग रँचेरिया व पिट रिव्हर या जमातींच्या स्वाधीन झाला. अस्थी आणि मेंदू एकत्र पुरले गेले. जागा जाहीर केलेली नाही.

९/९
काचेच्या बरणीतल्या त्या मेंदूतून याही बोलीचा एक शब्दही निघाला नसता. आज ती जेवढी उरली, तेवढी सपीर यांच्या वह्यांत आणि मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित झालेल्या इशीच्या आवाजात आहे. ते त्याने बोलून दिले होते. मेंदूबद्दल त्याला कोणी विचारले नव्हते.