अक्षरओळख : बदामी ते ऐहोळे

न पाहिलेल्या माणसावर विश्वास ठेवणे व्यापारी घराण्यांना नवे नाही. सोलापूरच्या पेठेतून गुळेदगुड्डला खणांची मागणी पोस्टकार्डाने जात असे, त्या काळी माल पाठवणाऱ्याचा चेहरा कित्येक दुकानदारांनी जन्मात पाहिलेला नसे. अक्षर ओळखीचे, सही ओळखीची आणि हुंडी वेळेवर वटलेली. एवढ्यावर दोन-दोन पिढ्यांची देवघेव चाले.

अशाच एका खण-इरकलीच्या दुकानाचे वयोवृद्ध शेठजी आणि कारंजा लाडचे एक निवृत्त गुरुजी यांचा स्नेह बारा वर्षे केवळ अक्षरांवर उभा होता. गुरुजींचा शिलालेखांवरील एक लेख वाचून शेठजींनी त्यांना ई-मेल पाठविला. ऐहोळेच्या मेगुती जिनालयावरील लेख शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ४९९ चा, असे त्यांनी मोठ्या उत्साहाने कळविले होते. दिवाळीच्या वहीपूजनातील विक्रम संवताची सवय. त्यांनी ५७ वजा केले होते. गुरुजींचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. विक्रम संवताला वजाबाकी, शकाला बेरीज. ५५६ मध्ये ७८ मिळवावे, ६३४ येतील. खाली एक ओळ अधिक होती : चूक गणिताची नाही, सवयीची आहे. शेठजींना ती ओळ फार आवडली.

पुढे ई-मेलची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली. शेठजी प्रवासात काढलेली मूर्तींची छायाचित्रे पाठवीत, गुरुजी त्यांवर सविस्तर लिहीत. मात्र बारा वर्षांत त्यांचे एकदाही बोलणे झाले नाही. शेठजींनी फोन लावला की तो वाजून बंद होई आणि थोड्या वेळाने संदेश येई : कृपया लिहा. घरच्यांना हे खटके. मुलाने स्पष्टच विचारले होते, "ज्या माणसाचा आवाज ऐकला नाही, तो खरा कशावरून, पप्पा?" शेठजी हसून विषय टाळीत, पण त्यांच्याही मनात एक सल होता. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा दूरदूरच्या परिचितांचे फोन आले. गुरुजींकडून मात्र तिसऱ्या दिवशी चार ओळी आल्या होत्या.

तरीही बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे एकत्र पाहण्याचा बेत ठरला. मार्गशीर्षातील एका सकाळी सोलापूर स्थानकावर दोघांनी भेटायचे होते. गाडी दुसऱ्या फलाटावर येत असल्याची घोषणा झाली आणि सारे प्रवासी लगबगीने जिन्याकडे धावले. बाकावर एकच गृहस्थ शांतपणे पुस्तक वाचीत बसून राहिले. छायाचित्रावरून शेठजींनी त्यांना ओळखले. मागून दोनदा "गुरुजी!" अशी हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिले नाही. शेठजी समोर जाऊन उभे राहिले, तेव्हा गुरुजींचा चेहरा उजळला. "जय जिनेंद्र!" ते जरा मोठ्यानेच म्हणाले.

"प्रवास कसा झाला?" शेठजींनी विचारले.

"हो, डबा आणला आहे," गुरुजींनी उत्तर दिले.

क्षणभर दोघेही थांबले. मग गुरुजी म्हणाले, "मला ऐकू येत नाही, शेठजी. पंचेचाळिशीनंतर हळूहळू गेले. सांगायचे राहून गेले असे नाही, सांगितले नाही."

शेठजींनी पिशवीतून दुकानाची छोटी लाल चोपडी काढली आणि पहिल्या पानावर लिहिले : गाडी दुसऱ्या फलाटावर येत आहे, चला. तीन दिवसांच्या संभाषणाचा तो आरंभ होता. गुरुजी बोलत, शेठजी लिहीत.

सोलापूर-गदग लोहमार्गाने भीमा ओलांडून गाडी विजापूरला येते, तेव्हा गोलघुमटाचा घुमट डब्यातूनच दिसतो. पुढे अलमट्टीजवळ कृष्णेचे विस्तीर्ण पाणी, मग बागलकोट. कडक भाकरी, लसणाविना केलेली शेंगाचटणी आणि उकळलेले पाणी यांवर दोघांचे जेवण झाले. गुळेदगुड्ड रोड स्थानक आले, तेव्हा शेठजींनी चोपडीत लिहिले की, आजोबांनी या गावाशी आयुष्यभर व्यवहार केला, पण हे गाव कधी पाहिले नाही. गुरुजींनी ते वाचले आणि फलाटावरील पाटी नजरेआड होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

बदामी, म्हणजे प्राचीन वातापी, ही चालुक्यांची राजधानी. अगस्त्य तलावाच्या काठच्या तांबड्या वालुकाश्माच्या कड्यात चार लेणी कोरलेली आहेत. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा, लेख आहे. चौथे लेणे जैन. पूर्वेकडे आणि आकाराने लहान. गाभाऱ्यात तीर्थंकरांची ध्यानस्थ मूर्ती, ओवरीच्या एका टोकाला नागफणा धारण केलेले पार्श्वनाथ आणि दुसऱ्या टोकाला अंगावर वेली चढलेले बाहुबली. श्रवणबेळगोळच्या महामूर्तीआधी काही शतके घडविलेले हे बाहुबली उंचीने माणसाएवढ्या मापाच्या जवळ आहेत. त्यांच्याकडे मान वर करून पाहावे लागत नाही, समोर उभे राहता येते.

गुरुजींना स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नसे. लेण्यात त्यांचे बोलणे दगडावर आदळून घुमू लागले, तसे इतर प्रवासी मागे वळून पाहू लागले. त्या नजरा गुरुजींच्या लक्षात आल्या आणि ते एकदम गप्प झाले. शेठजींनी चोपडीत लिहिले : आपण सांगा, ते ऐकत आहेत. खरोखरच एका शाळेच्या सहलीतील चार-सहा मुले जवळ येऊन उभी राहिली होती. गुरुजींनी पुन्हा बोलण्यास आरंभ केला. वेली अंगावर चढेपर्यंत एकाच जागी उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी मुलांना सोप्या हिंदीत समजावले. वर्ग सुटून अनेक वर्षे झालेल्या शिक्षकाला पुन्हा वर्ग मिळाला होता.

संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यावर, शेठजींनी न राहवून लिहिले : एवढी वर्षे का लपविले? गुरुजी बराच वेळ तलावाच्या पलीकडील भूतनाथाच्या देवळांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "शाळेत, नातेवाइकांत, बाजारात सगळीकडे मी ऐकू न येणारा माणूस होतो. तुम्हाला लिहिताना नव्हतो. तेवढी एक जागा राखून ठेवावीशी वाटली."

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या मोटारीने ते पट्टदकलला गेले. बदामीपासून हे अंतर सुमारे बावीस किलोमीटर. मलप्रभेच्या काठच्या येथील मंदिरसमूहाचा १९८७ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. मुख्य समूहापासून थोडे दूर, बदामीच्या रस्त्यावर राष्ट्रकूटकालीन जैन मंदिर आहे. बहुतेक प्रवासी त्यावरून तसेच पुढे जातात. मंडपाच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्तींचे पुढचे भाग कोरलेले आहेत. जणू हत्ती भिंतीतून बाहेर येत आहेत. दोघे तेथे तासभर होते. त्या वेळात तिसरे कोणी आले नाही.

तेथून ऐहोळे जवळच. लहानसे गाव, आणि त्याच्या घरांमधून, वाड्यांमधून शंभराहून अधिक मंदिरे. ऐहोळेचे जुने नाव अय्यावोळे. मध्ययुगात दक्षिण भारतभर व्यापार करणाऱ्या 'अय्यावोळे पाचशे' या प्रसिद्ध व्यापारी संघाने हेच नाव धारण केले होते. या संघाचे लेख कर्नाटक, आंध्र, तमिळ प्रदेशांत आढळतात. तमिळ भाषेतील त्यांचा एक लेख तर १०८८ मध्ये सुमात्रा बेटावर कोरला गेला. गुरुजी हे सांगत असताना शेठजी गावातील धुळीच्या रस्त्याकडे पाहत होते. त्यांनी लिहिले : समुद्रापलीकडे माल पाठविताना यांनी कोणाच्या शब्दावर पाठविला असेल? गुरुजी म्हणाले, "नावावर. गावापासून इतक्या दूर गेल्यावरही गावाचे नाव सोडले नाही, ते त्यासाठीच असावे."

मेगुतीची टेकडी पायऱ्यांनी चढावी लागते. शेठजींचे गुडघे दुखरे. गुरुजींची चाल झपाट्याची. मागून हाक मारून उपयोग नव्हता. म्हणून पायथ्याशीच ठरले की, गुरुजींनी दर दहा पायऱ्यांनी मागे वळून पाहायचे. निम्म्या वाटेवर कड्याला टेकून असलेले दुमजली बौद्ध स्थान लागते. तेथवर गुरुजी न चुकता वळत आले. पुढे मात्र ते पायऱ्या मोजण्याचे सोडून शेठजींच्या शेजारूनच चालू लागले.

माथ्यावरील मेगुती जिनालय भव्य नाही. त्याचे कोरीवकाम अपुरे राहिलेले आहे. परंतु त्याच्या बाहेरच्या भिंतीवर भारतीय इतिहासातील एक अनमोल पत्र कोरलेले आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या आश्रयाने हे जिनमंदिर उभारणाऱ्या रविकीर्तीने तो संस्कृत लेख रचला. पुलकेशीने हर्षवर्धनाचा केलेला पराभव त्यात आहे. नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व त्याने मिळविल्याचा उल्लेख आहे. आपली कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्यासारखी असल्याचे रविकीर्ती स्वतःच सांगतो; त्यामुळे ६३४ पूर्वी हे दोन्ही कवी विख्यात होते, हे निश्चित होते. काळ त्याने दोन प्रकारे दिला आहे : भारतीय युद्धानंतर ३७३५ वर्षे आणि शकांची ५५६ वर्षे. वाचणारा कोणत्या गणनेचा असेल, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या.

शेठजी त्या ओळींसमोर बराच वेळ उभे होते. मग पायरीवर बसून त्यांनी चोपडीत लिहिण्यास सुरुवात केली. नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. पत्नी गेली तेव्हा सर्वांचे फोन आले, आपला आला नाही, चार वर्षे ते मनात राहिले. असे लिहून त्यांनी वही पुढे केली.

गुरुजींनी ते दोनदा वाचले. या वेळी त्यांचा आवाज फार हळू आला. "फोन लावला होता. दुसऱ्याच दिवशी. शेजारच्या मुलाच्या फोनवरून. तुम्ही उचललात, हे पडद्यावर दिसले. सेकंद पुढे सरकत होते. तुम्ही काही बोलत असाल, रडत असाल, मला काहीच कळत नव्हते. न कळता 'हो, हो' म्हणणे मला जमले नाही. ठेवून दिला. मग लिहीत बसलो. चार ओळी उरल्या."

त्या दिवसांत अनोळखी क्रमांकावरून आलेला, समोरून कोणीच बोलत नसलेला एखादा फोन शेठजींना आठवला की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी वही मागून घेतली, आपण लिहिलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाते मिटविताना मारतात तशी बाजूला तारीख घातली. मावळतीला मलप्रभेच्या खोऱ्यावर ऊन उतरत होते. सूर्यास्तापूर्वी खाली पोहोचायचे होते. उतरताना शेठजींनी गुरुजींचा हात धरला. गुडघ्यांसाठी, असे त्यांनी खुणेने सांगितले.

परतीची गाडी सोलापूरला पोहोचली, तेव्हा शेठजींचा मुलगा स्थानकावर न्यायला आला होता. गुरुजी त्या रात्री घरीच मुक्काम करणार होते. मुलाने वाकून नमस्कार केला आणि विचारले, "प्रवासात काही त्रास नाही ना झाला, गुरुजी?"

गुरुजींनी शेठजींकडे पाहिले. शेठजींनी काही उत्तर दिले नाही. पिशवीतून लाल चोपडी आणि पेन्सील काढून त्यांनी मुलाच्या हातात दिली.