मान्यतेसाठीं सादर

सही करण्याइतकें सोपें काम जगांत दुसरें असेल असें मला वाटत नाहीं. लिहितां-वाचतां येऊं लागलें म्हणजे माणूस सही करावयास शिकतो. आणि पुढें कचेरींत चार वर्षें काढलीं कीं वाचावयाचें विसरून नुसती सहीच करूं लागतो. हें वाक्य मीं विनोदासाठीं लिहिलेलें नाहीं. गेलीं तीस-पस्तीस वर्षें मी कचेरींत काम करीत आलों आहें, आणि माझ्या सहीनें बाहेर गेलेल्या कागदांची रास रचली तर ती खास माझ्याहून उंच भरेल. त्यांतले किती कागद मीं वाचले होते, हें मात्र कोणीं विचारूं नये, एवढीच माझी पुष्कळ दिवस इच्छा होती.

आमच्या कचेरींत पूर्वीं प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या पायथ्याशीं तीन चौकोन छापलेले असत : 'तयार करणार', 'तपासणार' आणि 'मान्यता देणार'. ही व्यवस्था दिसावयास मोठी निर्दोष. तीन माणसांनीं एक काम पाहिलें म्हणजे तें तिप्पट काळजीनें होतें, हा हिशेब अंकगणितांत खरा असेल. व्यवहारांत तो खरा ठरत नाहीं. आपल्याकडे मुलीचें स्थळ ठरतांना असाच प्रकार होतो. मामांनीं चौकशी केलीच असेल म्हणून आत्या निश्चिंत असते; आत्याचें सासर त्याच गांवचें म्हणून मामा निर्धास्त असतात; आणि 'इतकीं वडील माणसें म्हणताहेत त्या अर्थीं' असें म्हणून वडील होकार देतात. होकार तीन मिळतात, पण चौकशी एकहि झालेली नसते!

आमच्या येथें पहिल्या चौकोनांत बहुधा आबांची सही असे. आबा हे आमचे सर्वांत जुने कारकून. आंकड्यांच्या ओळीखालीं बोट धरून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत ते प्रत्येक कागद दोनदां वाचीत. आम्हां तरुणांना त्याचें हंसूं येई. १९९७ सालच्या फेब्रुवारींत एका गिऱ्हाइकाला दरपत्रक पाठवावयाचें होतें. आबांनीं प्रथम जो मसुदा केला त्यांत गेल्या वर्षाचा, नगास ४१२ रुपये, हा दर होता. त्याच दुपारीं नवा दर ४६८ रुपये ठरल्याचें कळलें. तेव्हां त्यांनीं दुसरा मसुदा करून दोन्ही माझ्या टेबलावर ठेवले, आणि पहिल्यास 'हा रद्द समजावा' अशी चिठ्ठी टांचणीनें लावली. मला त्या दिवशीं सव्वापांचची गाडी गांठावयाची होती. चिठ्ठी कोठें गळून पडली कोण जाणे. हातास आला तो कागद मीं पुढें ओढला आणि 'तपासणार' या चौकोनांत सही केली. साहेबांनीं माझी सही पाहून आपली केली. गिऱ्हाइकानें तो दर मोठ्या आनंदानें मान्य केला, आणि ६०० नगांवर आम्हांला ३३,६०० रुपयांचा खड्डा पडला.

चौकशीच्या वेळीं तो कागद साहेबांपुढें होता, आणि त्यावर पहिली सही आबांची होती. "आबांची नजरचूक झालेली दिसते," असें मी म्हणालों. आबांनीं माझ्याकडे एकदां पाहिलें आणि "झाली असेल," एवढेंच म्हटलें. दोन दिवसांनीं तो दुसरा मसुदा माझ्याच खणांत, एका वहीखालीं सांपडला. तो मीं फाडला नाहीं, आणि कोणाला दाखविलाहि नाहीं. आबांची त्या वर्षाची पगारवाढ थांबली. तीन वर्षांनीं ते सेवानिवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभांत भाषण करण्याचें काम माझ्याकडे आलें होतें, आणि मीं त्यांच्या काटेकोरपणाची स्तुति केली.

कागद कोणीं तपासावा आणि कोणीं मान्य करावा, हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं शिवाजी महाराजांनीं अष्टप्रधानांचीं कामें नेमून दिलीं, त्यांत राजपत्रें तपासून अधिकउणा मजकूर शुद्ध करणें हें सचिवाचें काम सांगितलें आहे. नुसतें चिन्ह करावें एवढेंच त्याला सांगितलेलें नव्हतें; आधीं मजकूर शोधावा आणि मग संमति द्यावी, असा तो क्रम होता. पत्र संपलें म्हणजे खालीं मर्यादेची लहान मोहोर उमटवीत. तेथें लेखनसीमा झाली, तिच्यापुढें कोणीं अक्षर वाढवूं नये, असा त्याचा अर्थ. आपल्या सरकारालाहि कागदांची काळजी करावी लागलीच. साधारणपणें कोणतीहि फाईल एका कर्मचाऱ्याजवळ कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहूं नये, असा नियम महाराष्ट्रानें २००५ सालच्या एका अधिनियमानें घातला. आणि २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयाला आग लागून वरच्या मजल्यांवरचीं दप्तरें जळलीं, तेव्हां कागद वेळेवर हलणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच त्याचें कोठें तरी सुरक्षित असणेंहि महत्त्वाचें, हें सगळ्यांनाच दिसून आलें.

आमच्या कचेरींत हें काम संगणकावर आलें तें २०१४ सालीं. तीन चौकोन गेले आणि त्यांच्या जागीं पडद्यावर एक वाट आंखली गेली. मसुदा तयार झाला कीं तो आपण होऊन तपासणाराकडे जातो. त्याला दोष दिसला तर शेरा लिहून तो परत धाडतां येतो. दुरुस्ती झाली म्हणजे नवी प्रत पुढें चालूं लागते आणि जुनी बाजूस पडते. ती पाहतां येते, पण कोणास पाठवितां येत नाहीं. दोन दिवस कागद अडला तर आठवण येते. कोणी रजेवर गेला तर त्याच्या नेमलेल्या बदलीकडे तो वळतो. मान्यता मिळाल्यावर त्यांत कानामात्रेचाहि फरक कोणास करतां येत नाहीं. जुन्या लेखनसीमेचेंच हें नवें रूप म्हणावयाचें! पहिले कांहीं महिने हें सारें पाहून मला खंत वाटे, कीं ही सोय तेव्हां असती तर टांचणीवर कोणाची अब्रू टांगलेली राहिली नसती.

ही माझी समजूत अर्धीच खरी होती. २०१९ सालीं चौदा पानांचा एक करार आमच्याकडून गेला. माल पोंचविण्यास विलंब झाल्यास आठवड्याला अर्धा टक्का दंड, असें ठरलें होतें. कागदांत पडलें होतें दोन टक्के. समोरचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनीं दुरुस्ती मान्य केली. पण येथें चौकशी निघालीच. करार तयार करणारी मुलगी नोकरीवर नवी, अजून कायमहि झालेली नव्हती. ती समोर उभी होती, आणि 'नवी आहे, चूक झाली असेल' हें वाक्य माझ्या ओठांवर आलेंच होतें. तेवढ्यांत कोणी तरी पडद्यावर त्या कागदाची हकीकत उघडली. कोणीं कोणती प्रत केव्हां उघडली आणि केव्हां मान्य केली, याची तेथें नोंद असते. माझ्या नांवापुढें लिहिलें होतें : उघडला, ११ वाजून ४२ मिनिटें १० सेकंद, मान्य, ११ वाजून ४२ मिनिटें १९ सेकंद.

चौदा पानें आणि नऊ सेकंद! यंत्रानें मला कांहींच बोल लावला नव्हता. त्यानें फक्त घड्याळ लावून ठेवलें होतें. कोणी हंसलें नाहीं, आणि कोणी रागावलेंहि नाहीं, कारण खोलींतल्या प्रत्येकाला आपापले सेकंद आठवत असावेत. "चूक लिहिणाराची असेल," मी म्हणालों, "पण ती पकडण्यासाठीं मला पगार मिळतो. मीं करार वाचला नव्हता." बावीस वर्षांपूर्वीं हेंच वाक्य मला म्हणावयाचें होतें.

त्यानंतर आम्हीं त्या वाटेंत थोडासा बदल केला. मान्यतेचीं माणसें वाढविलीं नाहींत. उलट पांचांचीं तीन केलीं. पण प्रत्येकाला त्याचा प्रश्न नेमून दिला : एकानें आंकडे पाहावे, एकानें अटी पाहाव्या, एकानें हा व्यवहार करावा कीं नाहीं हें पाहावें. आणि आपण काय तपासलें तें एका ओळींत लिहिल्याशिवाय मान्यतेचें बटण दाबलेंच जाऊं नये अशी व्यवस्था केली. किरकोळ कागदांना एकच मान्यता पुरेशी ठरविली. कारण दिवसाला साठ कागद पुढें आले म्हणजे साधूसंतांचेहि नऊ सेकंद होतील. यंत्र कागदाला योग्य माणसापर्यंत नेऊन पोंचवितें, योग्य प्रत त्याच्यापुढें ठेवतें, आणि त्यानें काय केलें तें विसरत नाहीं. वाचणें मात्र तें आपल्यावर सोंपवितें.

त्या वर्षाच्या दिवाळींत मी आबांच्या घरीं गेलों. बोलणें जमणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें सारी हकीकत एका कागदावर लिहून नेली होती, आणि तो जुना मसुदाहि बरोबर घेतला होता. आबांनीं चष्मा पुसला. ओळीखालीं बोट धरून, ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्यांनीं तें पत्र अथपासून इतिपर्यंत वाचलें, आणि पुन्हां पहिल्यापासून वाचलें. मी मान खालीं घालून बसलों होतों. आंतून वहिनी चहा घेऊन आल्या, तो निवून गेला, तरी त्यांचें वाचन संपलें नव्हतें.

शेवटीं त्यांनीं बोट एके ठिकाणीं थांबविलें. "येथें तुम्ही मार्च लिहिलें आहे," ते म्हणाले. "तो फेब्रुवारी होता." मीं खिशांतलें पेन काढून दुरुस्ती केली. मग त्यांनीं पत्राची नीट घडी घातली, मसुदा तिच्यांत ठेवला, आणि "चहा पुन्हां सांगतों," म्हणून ते आंत गेले.