चौसष्टांस एकच उतारा
आमच्या भूमच्या गणेशोत्सवात भोंगा मर्यादेबाहेर चढविला म्हणजे गाणे मोठे न होता फाटते. ऑक्टोबर 2022 मध्ये देशात सुरू झालेल्या फाइव्ह-जी सेवेच्या कित्येक मनोऱ्यांवर एकेका फळीत 64 शक्तिवर्धक असतात. त्यांसही हाच रोग. फाटका तरंग शेजारच्या लहरींत घुसतो. जपून चालवावे, तर बरीच वीज उष्णतेत जाते. म्हणून संदेश आधीच गणिताने उलट वाकवितात. पुढच्या वाकडेपणाने तो सरळ होतो. परंतु 64 वर्धकांचे 64 स्वभाव! निराळा हिशेब महाग, म्हणून कित्येकदा अनेकांस मिळून एकच उतारा देतात. मुख्य दिशेस तरंग शुद्ध होतो, आडबाजूंस दोष उरतो. आम्हीही एकाच छडीने वर्ग हाकले. समोरची मुले सुधारली, मागच्या बाकांवरची कोठे गेली, आम्हांस ठाऊक नाही.