मिठातली मर्सिडीज

आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत मर्सिडीज हे नाव रस्त्यावरून आलं नाही. ते आखातातून येणाऱ्या पत्रांतून आणि फोटोंतून आलं. माझे अब्बा १९७९ साली कुवेतला गेले ते एका घरी ड्रायव्हर म्हणून. फजरनंतर शेठची पांढरी मर्सिडीज धुवायची, मुलांना शाळेत सोडायचं, घरच्या बायकांना बाजारात न्यायचं, रात्री शेठला दिवाणियातून परत आणायचं. अब्बांच्या प्रत्येक फोटोत ते गाडीच्या बाहेर, दाराशी उभे आहेत. आत बसलेला एकही फोटो नाही. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि लाखाहून अधिक भारतीय अम्मानहून विमानांनी मुंबईला आणले गेले, त्यांत अब्बाही होते. अंगावरचे कपडे, एक पिशवी, आणि खिशात तशीच राहून गेलेली गाडीची किल्ली. १९९२ साली परत गेले तेव्हा त्यांनी ती किल्ली शेठच्या हातात दिली. गाडी तोवर शिल्लक नव्हती.

हे सांगितल्याशिवाय भाईने कॅनडात घेतलेल्या मर्सिडीजबद्दल लिहिता येत नाही. नाहीतर ती परदेशात बस्तान बसलेल्या माणसाच्या हौसेची गोष्ट वाटेल. हौस होतीच, ती मी नाकारत नाही. पण हौसेला लागलेली वर्षं मोजली तर तिला दुसरा शब्द शोधावा लागेल.

भाई २०१२ साली कॅनडाला गेला. टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागात एका कारखान्यात मशिनवर काम. भाभी एका वृद्धाश्रमात कामाला जाते, पहाटे साडेपाचला घर सोडते. दोघांत एक २०११ची टोयोटा कोरोला. २०१६ साली अब्बांचा इंतकाल झाला, त्यानंतर भाईने गाडीसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. चार वर्षांत बरी रक्कम जमली आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. घराचे पत्रे, कौलं, वाडीतल्या सुपाऱ्या, सगळं एका दुपारी गेलं. भाईची सगळी जमा घराच्या छपरावर आली. त्याने एका शब्दाने गाडीचा विषय काढला नाही. पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

म्हणून २०२४च्या ऑक्टोबरात तो फोनवर म्हणाला, ‘अम्मी, गाडी बघतोय,’ तेव्हा अम्मी गप्प बसली. मग म्हणाली, ‘कोरोला चालते ना?’ ‘चालते.’ ‘मग?’ भाईकडे उत्तर नव्हतं. अम्मीला ज्याची भीती होती ते तिने थोड्या वेळाने विचारलं, ‘सूदावर नाही ना घेत?’

तिची भीती अनाठायी नव्हती. तिकडे गाडी विकत घेण्याची सगळी घडीच कर्जावर बसवलेली आहे. दुकानात पाऊल टाकलं की गाडीची किंमत कोणी सांगत नाही. पंधरा दिवसांना किती जमेल, असं विचारतात. भाईने पसंत केली ती चार वर्षं वापरलेली, कोणीतरी लीजची मुदत संपल्यावर परत केलेली सी-३००. किंमत ३४ हजार डॉलर. त्यावर ओंटारिओचा १३ टक्के कर, म्हणजे ३८ हजार ४२०. त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात आपला दर पाव टक्क्यावरून पाच टक्क्यांवर नेला होता. २०२४मध्ये तो उतरू लागला, तरी भाईला सांगितलेला दर आठ टक्के होता. सहा वर्षांच्या हप्त्यांवर मी कागदावर हिशेब केला. सुमारे दहा हजार डॉलर नुसतं व्याज. हप्त्याच्या आकड्यात ते दहा हजार असे विरघळतात की माणसाला दिसत नाहीत.

भाई रोख देतो म्हणाला तेव्हा विक्रेत्याचा चेहरा उतरला. आपल्याकडे रोखीच्या गिऱ्हाईकाला दोन पैसे कमी होतात. तिथे उलट. कर्ज मिळवून दिलं की दुकानाला वित्तकंपनीकडून दलाली मिळते. रोखवाला आला की ती बुडते. भाईला एक डॉलरही सुटला नाही.

तरीही दहा हजार कमी पडत होते. सहा हजार कमिटीतून आले. आपल्याकडे भिशी म्हणतात तीच. बाराजण, महिन्याला पाचशे, आणि त्या महिन्यात नंबर भाईचा. उरलेले चार हजार एका हैदराबादी मित्राने कर्जे-हसना म्हणून दिले. भाईने त्याचा कागद केला, फेडीच्या तारखा घातल्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मित्र रागावला, ‘यार, माझ्यावर भरोसा नाही?’ भाई म्हणाला, भरोसा आहे म्हणूनच लिहितोय. कुरआनातली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे आणि तिचा विषय कर्ज लिहून ठेवणं हा आहे. सूद हराम हे आपल्या लहान पोरालाही पाठ असतं. देणंघेणं लिहून ठेवा, हे मात्र मोठेही विसरतात आणि मग सख्खे भाऊ एकमेकांच्या जनाज्याला येत नाहीत. आमच्याच मोहल्ल्यात अशी दोन घरं आहेत. भाईच्या मशिदीत हप्त्यावर गाडी घेणारे पुष्कळ नमाजी आहेत, शून्य टक्क्याच्या योजनांवर तिथे दोन मतंही आहेत. त्यांचा न्याय करायला मी बसलेली नाही. भाईने काय केलं तेवढं सांगते.

गाडी दारात आली. काळी, चारही चाकांना ताकद देणारी. आणि डिसेंबरच्या पहिल्या मोठ्या बर्फात भाईच्या गल्लीतल्या उतारावरून, थांब्याच्या पाटीला न जुमानता, सरळ घसरत बर्फाच्या ढिगात जाऊन शिरली. मागून भाभी कोरोला घेऊन येत होती. ती पाटीपाशी थांबली. कोणाला लागलं नाही, पण भाभीला ही गोष्ट सांगताना आजही हसू आवरत नाही.

याचं कारण मला समजून घ्यावंसं वाटलं. चारही चाकांना ताकद असली की गाडी बर्फातून निघते चांगली. थांबायचं मात्र इंजिनाच्या हातात नसतं, ते टायरच्या हातात असतं. टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होत जातं. थंडीसाठी केलेल्या टायरचं रबर वेगळं. ते गारठ्यातही मऊ राहतं, आणि त्याच्या अंगावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं. भाईच्या गाडीला होते ते रुंद, बसक्या कडांचे, उन्हाळ्यात वळणावर मजा देणारे टायर. भाभीच्या जुन्या कोरोलाला चारही विंटर टायर. शेजारच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर लावण्याची सक्तीच आहे. ओंटारिओत नाही, तिथे लावले तर विम्यात सवलत मिळते. चाकं जाम होऊ न देणारा एबीएस ब्रेक १९७८ साली मर्सिडीजच्याच मोठ्या गाडीत आला, घसरती गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणाही १९९५ साली तिच्याच एका गाडीत. पण ही यंत्रं टायरची पकड वाटून देतात. नसलेली पकड आणणार कुठून?

भाईने दुसऱ्याच दिवशी चौदाशे डॉलर मोजून लहान रिमचे चार विंटर टायर बसवले. रिम लहान, रबराची कड उंच. गाडी दिसायला थोडी साधी झाली. भाभी म्हणते, आता ती घरातली वाटते.

अम्मी आणि मी तिथे पोचलो २०२५च्या जानेवारीअखेर. शाळेतून बिनपगारी रजा घेतली होती, रमजानपूर्वी परतायचं होतं. त्या फेब्रुवारीच्या मध्याला टोरांटोवर एकापाठोपाठ दोन मोठी वादळं आली आणि दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आसपास बर्फ पडलं. १७ तारखेला जवळच्याच पिअर्सन विमानतळावर उतरताना एक विमान उलटं झालं. आतले सर्व ८० जण वाचले, अल्लाहचा फजल.

मला बर्फापेक्षा मिठाचं नवल वाटलं. रस्त्यावर गाड्या मीठ फेकत जातात. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो ते आपण पाहतो, मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो हे मी मुलांना शिकवते. इथे तोच धडा शहरभर पसरलेला. थंडी उणे दहाच्या खाली गेली की मीठही मंदावतं, मग वाळू टाकतात. हे मीठ येतं खाणीतून. त्याच प्रांतात गॉडरिच इथे ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली अर्ध्या किलोमीटरहून खोल मिठाची खाण आहे, जमिनीखालच्या मिठाच्या खाणींत जगातली सर्वांत मोठी. आम्ही खाडीकाठची माणसं. मीठ लोखंडाला काय करतं हे आम्हाला कोणी सांगायला नको. भाई दर आठवड्याला गाडीचं पोट धुऊन आणतो. धुतल्यावर दोन दिवसांत ती पुन्हा पांढरी. कुवेतमध्ये अब्बा वाळूशी झगडत, हा मिठाशी.

एका रविवारी सकाळी भाईने मला एका रिकाम्या वाहनतळावर नेलं आणि किल्ली दिली. माझ्याकडे कारचं लायसन आहे. पाहुण्याला तीन महिने तिथे स्वतःच्या देशाच्या लायसनवर चालवता येतं. विमावाल्यालाही त्याने आधी विचारलं होतं. तो म्हणाला, ‘तीसवर ने आणि जोरात ब्रेक दाब.’ पायाखाली पेडल थरथरलं, करकरलं, मला वाटलं काही तुटलं. ‘पाय उचलू नको,’ भाई म्हणाला, ‘तो थरथराट म्हणजेच एबीएस.’ दुसऱ्यांदा गाडी बाजूला सरकली. ‘ढिगाकडे बघू नको, जायचं तिकडे बघ. हात डोळ्यांच्या मागे जातात.’ हे त्याला कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, अब्बांनी. पावसाळ्यात, म्हसळ्याच्या घाटात, काकांच्या जीपवर.

अम्मी तोवर मागच्या सीटवर तसबीह घेऊन बसली होती. तिला पुढे बसवायचा भाईने पहिल्याच दिवशी हट्ट धरला होता. ती ऐकेना. ‘तुझे अब्बा मागचं दार उघडायचे,’ ती म्हणाली, ‘कोण बसतं मागे, कसं वाटतं, बघू दे मला.’ भाई खाली उतरला, मागचं दार त्याने उघडलं आणि ती बसेपर्यंत धरून उभा राहिला. कोणी काही बोललं नाही. पाच मिनिटांनी मागून आवाज आला, ‘अरे, गाडी थांबव, गादीला आग लागलीय.’ सीट गरम करायचं बटण भाईने दाबलं होतं. त्यानंतर मात्र तिला ते बटण फार आवडलं. जुम्याला मशिदीत जाताना स्वतःच मागू लागली.

एप्रिलमध्ये आम्ही घरी असताना भाईचा व्हिडिओ कॉल आला. विंटर टायर उतरवले होते, मागच्या चाकाच्या कमानीत रंगाखाली एक फुगवटा सापडला होता. तो फोन जवळ नेऊन दाखवत होता. अम्मीचं माहेर मचव्यांचं. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘वरून रंग मारू नको हां. आधी खरवड, मग लाल रंग लाव, मग तुझा काळा.’ भाईने गाडी गॅरेजात नेऊन तसंच करून घेतलं. बिल किती आलं, ते त्याने मला सांगितलं, अम्मीला नाही.