कडेवरचं वजन

सुरतेच्या उधना स्टेशनवर खानदेशाकडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बाया मी वर्षानुवर्षं रेखाटत आलो. लिंबायत, डिंडोलीहून आलेल्या, अहिराणीत पोरांना दटावणाऱ्या. मांडीवर निजलेलं मूल मला कधी जड गेलं नाही. अडतं ते कडेवरच्या पोरापाशी.

चेहरा जमतो, जावळ जमतं. वजन जमत नाही. पोर डाव्या कडेवर घेतलं की कंबर डावीकडे निघते, धड उजवीकडे कलतं, भार डाव्या पायावर उतरतो. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. खरी गोम पोराच्या मांडीखालच्या हातात आहे. बोटं मांडीत किती रुतली, मनगट कुठे वळलं, हे चुकलं की मूल आईला चिकटवल्यासारखं दिसतं. कितीतरी चित्रकार तिथे पदर ओढून मोकळे होतात. मला तो पदर पळपुटेपणा वाटतो.

जर्मन चित्रकार केथे कोलवित्झनं 1903 साली मेलेल्या मुलाला कवटाळलेली आई कोरली. त्यासाठी आपल्या सात वर्षांच्या पेटरला हातावर घेऊन ती आरशासमोर बसायची, श्रमानं कण्हायची. ते ओझं तिच्या दंडानं सोसलेलं होतं. रेघेत ते उतरणारच. पेटर 1914 साली महायुद्धात मारला गेला.

गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. खांद्यापासून टाचेपर्यंत पेन्सिल न उचलता जाणारी रेघ हा माझा तोरा होता. मागे माणसं जमली की मी ती मुद्दाम लांबवायचो. आता चारकोल आडवा धरून छायेनं काम करतो. भार थोडाफार सापडतो, मांडीखालचा हात मात्र अजून सापडत नाही. आणि खरं सांगतो, मला ती रेघच परत हवी आहे, बघणाऱ्यांच्या तोंडून निघणाऱ्या ‘वा’सकट.

सुरतेत साडीची डिझाइनं हातानं काढणारे आम्ही कॉम्प्युटरपुढे मागे पडलो, त्याचं मला फार दुःख नाही. बुट्टी यंत्रानं काढली तरी बुट्टीच राहते. पण हल्ली पोरं मोबाइलवरचा फोटो गिरवून आई-बाळ काढतात, ते बघवत नाही. फोटोसाठी बाई ताठ उभी राहते, दमणूक लपवते, आणि नेमकं तेच कागदावर यायला हवं असतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: घरातलं एखादं पोर हात भरून येईपर्यंत कडेवर घ्या, आणि मगच पेन्सिल उचला.