काढत्या-घालत्या सांध्याचे इमान

कार्ब्युरायझिंगच्या भट्टीत थर्मोकपलला दीर्घायुष्य नसते. ९०० अंश सेल्सिअसच्या धगीत त्याच्या तारा ठिसूळ होतात, आणि तो बदलताना तापमानाचा आकडा दाखवणाऱ्या फलकापर्यंतचे सारे वायरिंग उकलावे लागू नये, म्हणून भिंतीशी काढता-घालता येण्याजोग्या कनेक्टरची तजवीज केलेली असते.

ही सोय मात्र सशर्त आहे. दोन भिन्न धातूंच्या बंद वलयाचा एक सांधा तापवला असता जवळची चुंबकसूची ढळते, हे झेबेकने १८२१ साली दाखवले, आणि थर्मोकपल याच परिणामावर चालतो. ‘के’ जातीच्या क्रोमेल-अ‍ॅल्युमेल जोडीत या परिणामाचे मान अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे इतके अल्प, की मार्गात परका धातू शिरला आणि त्याच्या दोन टोकांच्या उष्णतामानात अंतर असले, तर तो बिनबोभाट आपली ढवळाढवळ करून जातो. दोन्ही टोके सारखीच उष्ण असतील तर त्याची बाधा होत नाही, हे खरे. परंतु भट्टीलगतच्या कनेक्टरचे एक तोंड धगीकडे आणि दुसरे वाऱ्याकडे असते. म्हणूनच त्याची पाती पितळेची न करता त्या त्या तारेशी जुळणाऱ्या मिश्रधातूची करतात, आणि ऋण पाते मुद्दाम रुंद ठेवतात, जेणेकरून उलट बसवू म्हटले तरी प्लग बसू नये.

हा बंदोबस्त चोख असला, तरी स्क्रूखाली तार आवळणारा हात त्याच्या अंमलाबाहेर राहतो. अमेरिकी रिवाजात तांबडी तार ऋण असते. विजेच्या कामात मुरलेला वायरमन ती धन समजून चालतो. उलटापालट एकाच टोकाला झाली, तर भट्टी तापताना आकडा उतरू लागतो आणि चूक तत्काळ उघडकीस येते. परंतु कनेक्टरपासून फलकापर्यंतची तार दोन्ही टोकांना उलट लागली, तर आकडा शहाण्यासारखा चढत राहतो. कनेक्टर ६० अंशांवर आणि फलक ३० अंशांवर असेल, तर त्या अंतराच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ६० अंशांनी तो कमी दाखवतो, आणि आतला माल तेवढा अधिक भाजत असतो.

यास्तव नवी जोडणी हाती आली, की मी प्रथम थंड तारांना लोहचुंबक लावून पाहतो: अ‍ॅल्युमेल चिकटते, क्रोमेल चिकटत नाही. ‘के’ जातीचा रंग अमेरिकी पद्धतीत पिवळा, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवा, त्यामुळे रंगाची साक्ष एकवेळ फिरेल. चुंबकाची फिरत नाही. मग कनेक्टर झळीपासून हातभर दूर सरकवतो, कारण मिश्रधातू कितीही जुळता असला, तरी त्याची कसोटी न पाहणेच हिताचे. इतर कारागिरांचा सांधा मजबूत ठरला की काम संपते. आमचा सांधा आकड्याला ठाऊकही होता कामा नये, आणि ती जबाबदारी धातूहून अधिक जोडणाऱ्याच्या शिरावर असते.